वाफ वर पोचण्याआधी

मित्रांनो, मी एक जुना हंडा आहे. तांब्याचा आहे, पोटाने मोठा आहे आणि स्वभावाने चौकस आहे. हंड्याला कसला आला आहे स्वभाव, असे तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या पोटात उभा जन्म काही ना काही शिजत आले, त्याला आत काय चालले आहे ते बघायची सवय लागतेच. माणसे बाहेर लाकडे सारतात, झाकण ठेवतात आणि गप्पा मारत बसतात. आतली गंमत एकट्या मला दिसते.

माझा जन्म तांबटाच्या दुकानात झाला. जन्माचे फारसे आठवत नाही, हातोडीचे ठोके मात्र आठवतात. सपाट पत्र्याला पोट आणायचे म्हणजे मार खावाच लागतो. माझे तोंड इतर हंड्यांपेक्षा रुंद केले होते, दोन्ही हात सहज आत जातील एवढे. शेवटी तांबटाने मला टिचकी मारून पाहिली आणि "बोलतो चांगला," असे म्हणाला. ही माझी पहिली शाबासकी. माझे बोलणे तुमच्याखेरीज आजवर कोणाला कळलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

तिथून मी नाटे या गावी गेलो. मजीदच्या घरी दारात समुद्र होता आणि मागे आंब्याची कलमे होती. मजीदची बायको अजरा मला लग्नाकार्यात पाणी तापवायला काढत असे. पाणी कसे वागते, ते मी तिथे शिकलो. तळाचे पाणी तापले की हलके होऊन वर येते, वरचे गार पाणी त्याच्या जागी खाली बसते, आणि ते तापले की पुन्हा त्याची वर यायची पाळी. असे सगळे पाणी माझ्या पोटात गोल गोल फिरत राहते आणि बघता बघता वरपासून खालपर्यंत सारखे गरम होते. मग तळाशी बुडबुडे उठतात. पहिले बिचारे वाटेतच विरून जातात, नंतरचे वर येऊन फुटतात. मला वाटले, तापण्याचे शास्त्र आपल्याला कळले. मी अगदी फुशारून गेलो होतो.

मग रावजी आला. रावजी कातळापलीकडच्या गावचा शेतकरी. आंब्याच्या पेट्यांत घालायला पेंढा घेऊन तो मजीदकडे येत असे. एका वर्षी मजीदने पेंढ्याच्या बदल्यात त्याला मला देऊन टाकले. टेंपोत मला एक पोचा पडला, तो अजून माझ्या डाव्या अंगाला आहे. रावजीच्या बायकोने, जनीने, मला उतरवून घेतले, पोच्यावरून हात फिरवला आणि हसून माझे नावच ठेवले, "नाटेकर".

जनीकडे माझे काम बदलले. या घरात पेज उकड्या तांदळाची. त्यासाठी भात, म्हणजे टरफलासकट दाणे, रात्रभर गार पाण्यात भिजवतात आणि सकाळी वाफवतात. जनी माझ्या तळाशी थोडेसे पाणी घाली, त्यावर बांबूच्या कामट्या आडव्या-उभ्या टाकी, कामट्यांवर पेंढा पसरी आणि वर काठोकाठ भात भरी. मग मातीने सारवलेल्या चुलाणावर मला बसवून खाली जाळ करी.

पहिल्या दिवशी मी चक्रावलोच. पाणी तळाशी, तेही एवढेसे. भात गच्च बसलेले. इथे पाण्याला गोल फुगड्या घालायला जागाच नाही. मग वरच्या दाण्याला ऊब पोचवायची कोणी? मी टक लावून बघत राहिलो आणि मला जे दिसले, त्याचे कौतुक अजून संपलेले नाही.

तळाचे पाणी उकळले. त्याची वाफ कामट्यांमधून वर आली आणि दाण्यांमधल्या बारीक बारीक फटींत शिरली. समोर पहिला गार दाणा भेटला. वाफ त्याला चिकटली, तिने आपली सगळी ऊब त्याला देऊन टाकली आणि ती स्वतः पुन्हा पाण्याचा थेंब झाली. तो दाणा तापला. मागून आलेली वाफ त्याच्या बाजूने पुढे गेली, कारण त्याला आता काही नको होते. तिने पुढचा गार दाणा धरला. पंगतीत वाढपी जसे एका पानावर वाढून पुढच्या पानाकडे जातात, तसे चालले होते. म्हणजे खालचे भात वाफेने रसरसलेले आणि त्याच्या चार बोटे वरचे भात अगदी गार, जसे काही गावात कार्य आहे याचा त्याला पत्ताच नाही. मधली सीमा तेवढी हळूहळू वर सरकत होती. आणि ते थेंब? ते दाण्यादाण्यावरून ओघळत परत तळाशी येत आणि पुन्हा वाफ होऊन वर जात. एवढेसे पाणी एवढे भात कसे शिजवते, याचे उत्तर मला मिळाले.

हे सगळे सावकाश चालते. बाहेरच्यांना वाटे, हा हंडा आळशी आहे.

"नाटेकर, उठा आता. सूर्य माथ्यावर आला," असे जनी मला चिडवी. पण ती घाई मात्र कधी करीत नसे. हाताची मागची बाजू माझ्या अंगाला लावून वाफ कुठवर आली ते बघे आणि तेवढाच जाळ ठेवी. एकदा शेजारच्या गंगाने मला मागून नेले आणि लवकर आटपावे म्हणून भरमसाट लाकडे घातली. वाफ इतक्या जोरात वर निघाली की खाली येणारे थेंब तिने वाटेतच अडवून धरले. वर पाणी डबडबलेले आणि तळ कोरडा ठक्क. खालचे भात करपले, त्याबरोबर मीही. गंगा मला परत द्यायला आली तेव्हा तिला तोंड वर करवेना. जनीने मला चिंचेने घासले आणि गंगाला चहा दिला.

पुढे दिवस बदलले. दुकानात उकडा तांदूळ पिशवीतून मिळू लागला. मला पडवीच्या कोपऱ्यात सरकवले. आधी माझ्यात नारळाची सोडणे भरली, मग एका कोंबडीने मला आपले घर मानले. ती अंडी घाली आणि सगळ्या वाडीला ओरडून सांगे. मी रागावलो नाही. अंड्यावर बसलेल्या कोंबडीची ऊब कशी असते, ते तरी कळले. पण खरे सांगतो मित्रांनो, मला वाफेची आठवण येत असे आणि फार वाईट वाटे.

पडवीत बसल्या बसल्या मी एक गोष्ट पाहिली. ती माझ्याखेरीज कोणी पाहिली नाही.

रावजीच्या घरी तांबडे भात पिकते. गावातल्या बाकीच्यांनी ते कधीच सोडले, ते दुकानातले बियाणे आणतात. रावजी मात्र दर वर्षी आपल्याच शेतातले निवडक भात बियाण्याला ठेवतो. ते ठेवायची रीत ठरलेली. पेंढ्याच्या दोऱ्या वळायच्या आणि बियाणे पेंढ्यात घट्ट बांधून त्याचे गोल गाठोडे करायचे. त्याला बिवळा म्हणतात. तो चुलीवर आढ्याला टांगायचा, म्हणजे धुराने कीड लागत नाही. टांगलेल्या बिवळ्याला घरातले कोणी हात लावत नाही, तो पुढच्या वर्षाचा असतो.

त्या वर्षी कापणी झाल्यावर रावजी पडवीत पेंढा घेऊन बसला. अंगठ्याचे सांधे सुजले होते. दोरी वळली की सुटे, पुन्हा वळली की पुन्हा सुटे. कितीतरी वेळ तो तसाच बसून होता. मग त्याने इकडे तिकडे पाहिले, गेल्या वर्षीचा सोडलेला बिवळा आणला, त्यात नुसता पेंढा कोंबला, वरून बरा दिसेल असा बांधला आणि आढ्याला टांगला. खरे बियाणे त्याने एका पांढऱ्या पोत्यात भरले, किडीसाठी निगडीचा पाला घातला आणि पोते माळ्यावर इतर पोत्यांच्या मागे लपवले. आपल्याला बिवळा बांधता येत नाही, हे त्याला बायकोला सांगायचे नव्हते. पुरुषमाणसांचे असे असते. मी काय बोलणार?

मे महिन्यात त्यांचा मुलगा संदेश मुंबईहून आला. तो तिथे एका कँटीनमध्ये इडल्यांच्या कामावर आहे. आल्या आल्या म्हणाला, "आये, यंदा घरच्या उकड्याची पेज खायची. नाटेकराला भाईर काढ." कोंबडीला बाहेर काढले, मला घासले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पहिला घाणा झाला, दुसरा झाला. मी जीव ओतून काम केले.

रावजी त्या दिवशी बहिणीकडे वस्तीला गेला होता. संदेश माळ्यावर चढला. आईबापाला जड उचलायला लागू नये म्हणून उरलेले एकच पोते त्याने खाली आणले. आतला पाला कचरा समजून झटकला आणि संध्याकाळी भात भिजत घातले. जनीने आढ्याकडे पाहिले. बिवळा जागच्या जागी होता. तिला शंका यायचे कारणच नव्हते.

सकाळी ते भात माझ्यात पडले आणि मला निगडीचा कडवट वास आला. मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला असता, जर तांब्याला काटा येत असता तर. एकदा वाफ लागली की दाणा पुन्हा रुजत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? मी ओरडू शकत नव्हतो. खाली जाळ लागला, पाणी उकळले, वाफ निघाली. पहिला दाणा. दुसरा दाणा. आयुष्यात पहिल्यांदा ती गंमत मला बघवेना.

वाफ निम्म्यावर आली असेल, तेव्हा रावजी सकाळच्या एसटीने घरी आला. पायरीशीच त्याला निगडीची वाळलेली पाने पसरलेली दिसली. तो तसाच माळ्यावर गेला आणि खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"जने, मागचं पांढरं पोतं कुठं गेलं?"

"शेवटचं तंच व्हतं. संदेशनं काल भिजत घातलान. आता वाफेवर हाय."

रावजीने खांब धरला. "तां बियानं व्हतं."

"काय तरीच काय! बियानं बिवळ्यात हाय. माज्या डोळ्यासमोर टांगलेलं हाय."

"बिवळ्यात नुसता पेंढा हाय," रावजी म्हणाला. "माजे हात चालत नाय, जने. दोरी वळवत नाय."

संदेशच्या हातातले लाकूड खाली पडले. तांबडे भात दुसऱ्या कोणाकडे नव्हते. या घरातून गेले म्हणजे गावातूनच गेले.

मग रावजी एकदम पुढे आला. खांद्यावरचा पंचा त्याने माझ्या काठाला लावला आणि मला उपडा करायला धरले. "सगळं वता! भाईर काढा!"

"बाबा, पालथा नुको!" संदेश मध्ये पडला. "सगळं एकात एक व्हईल. मंग मेलेलं कुठलं नि जितं कुठलं, कसं वळखनार? आमच्याकडं इडलीचा डबा लावला की खालच्या व्हतात, वरच्या ताटातल्या कच्च्याच ऱ्हातात. वाफ वर पोचली नसंल तं वरचं भात जितं असंल."

"भात म्हंजे काय इडली हाय रं?" रावजी ओरडला. त्याचे डोळे भरले होते.

"दोगंव गप ऱ्हावा," जनी म्हणाली. "संदेश, जाळ वड भाईर."

तिने झाकण काढले आणि वरच्या भातात हात घातला. मनगटापर्यंत गेला. गार होते. आणखी खाली घातला आणि चटकन वर काढला.

"वरचं गार हाय," ती म्हणाली. "सूप आना. नि पोतं भिजवून आना."

जाळ ओढला तरी माझा तळ तापलेलाच होता. पाणी उकळतच राहिले, वाफ चढतच राहिली. संदेशने ओले पोते माझ्या पोटाला गुंडाळले, तेव्हा चर्र झाले. जनी ओंजळीने वरचे भात सुपात काढू लागली. "मधलंच घे," तिने संदेशला बजावले. "कडंचं नुको. तांब्याला टेकलेलं आदी तापतं." तिचे म्हणणे खरे होते. लवकर तापतो म्हणून लोक तांब्याची स्तुती करतात. त्या दिवशी मला माझ्या तांब्याचा राग आला आणि भाताच्या आळसावर जीव जडला. एकेक दाणा आपल्यापुरती वाफ अडवून धरत होता. तो तापल्याशिवाय ती पुढे जात नव्हती. खालचे दाणे मरत होते आणि मरताना वरच्यांना वेळ देत होते.

ओंजळीमागून ओंजळ निघाली. मग जनीचा हात चटकला. ती थांबली. रावजीला आणखी हवे होते, त्याने हात पुढे केला. जनीने तो धरला. "बास. आता मेलेलं यील."

सुपात निघाले ते थोडेच होते. एका वाफ्यापुरते असेल. खाली राहिलेले भात त्यांनी पुन्हा जाळ करून नीट उकडून घेतले, वाळवले. बियाणे असले म्हणून अन्न टाकायचे नसते. पुढे त्याची पेज झाली तेव्हा रावजीने ती मान खाली घालून प्यायली. बरी झाली आहे, एवढेच म्हणाला.

पण सुपातले भात जिवंत आहे की नाही, हे कोणाला सांगता येईना. मेलेला दाणा आणि जिता दाणा दिसायला सारखाच असतो. भिजलेले भात परत वाळवून ठेवण्यात अर्थ नव्हता. ते ओल्या पोत्यात बांधून रुजत ठेवायचे आणि मोड आले तर विहिरीजवळ पेरायचे, असे ठरले. उघड्यावर ठेवावे तर कोंबड्या, माळ्यावर ठेवावे तर उंदीर. जनीने इकडे तिकडे पाहिले आणि तिची नजर माझ्यावर आली. तिने मला थंड पाण्याने धुतले, आत पेंढा घातला, त्यात ते गाठोडे ठेवले आणि वर फणसाची पाने झाकली.

माझी काय अवस्था झाली असेल, ते तुम्हीच ओळखा. ज्या पोटात बियाण्याचा जीव गेला, त्याच पोटात आता त्याला जगवायचे होते. मी पडवीत गार पडून राहिलो. जनी येऊन पाणी शिंपडी. संदेशने मुंबईला फोन करून रजा वाढवून घेतली. रावजी माझ्याजवळून जाताना दुसरीकडे बघे. मी आत बघत होतो, पण पोत्याच्या आतले मलाही दिसत नव्हते. चौकस हंड्याला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

आणि मग एके सकाळी मला काहीतरी वेगळे वाटू लागले. आधी मला वाटले, ऊन पडले असेल. पण पडवीत ऊन येत नाही. खाली चूल नव्हती, जाळ नव्हता, पाणी उकळत नव्हते आणि तरी माझ्या पोटाला आतून ऊब लागत होती. कोंबडीसारखी, हलकी. मी इतकी वर्षे उष्णता बघितली. ती नेहमी जाळाकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून भाताकडे जाई. आज ती उलटी चालली होती.

जनी पाणी शिंपडायला आली. सवयीने तिने हाताची मागची बाजू माझ्या अंगाला लावली आणि ती दचकली.

"अवो, हिकडं या! नाटेकर गरम लागताय!"

रावजी आला. त्यानेही हात लावला. "कुजलं तरी गरम व्हतं," तो हळूच म्हणाला. त्याने गाठोडे बाहेर काढले, पण सुजलेल्या बोटांनी त्याला गाठ सुटेना. संदेशने पुढे होऊन ती सोडली.

आत दाण्यादाण्याच्या टोकाला पांढरे मोड होते. सगळ्यांना नव्हे, काही दाणे मुके राहिले होते. पण बहुतेक फुटले होते आणि सगळे मिळून ऊब टाकत होते. रावजीने ओंजळभर मोड उचलून वास घेतला आणि मग, मित्रांनो, तो लहान मुलासारखा रडला. जनीने त्याला रडू दिले.

विहिरीजवळचा वाफा त्याच दिवशी पेरला. कळशीने पाणी घालून तरवा, म्हणजे कोवळी रोपे, वाढवला, नंतर शेतात लावला आणि कापणीला तांबडे भात पुन्हा घरात आले. फार नाही, पण बियाण्याला पुरेल एवढे. संदेश कापणीला आला. रावजी पडवीत बसून सांगत होता, संदेश दोरी वळत होता, आणि जनी दोघांना हसत होती. बिवळा जरा वाकडाच झाला. पण आत खरे बियाणे आहे, याला साक्षीदार एकटा मी नव्हतो, सगळे घर होते.

आता मी पडवीत तांबूस चकाकत असतो. लोक मला बघून म्हणतात, जुने भांडे आहे, जपून ठेवा. जपा, मला ते आवडते. पण मला जपण्याइतकेच आणखी एक करा. एखादी गोष्ट बिघडली की लगेच सगळेच गेले, असे समजून ती उपडी घालू नका. आधी झाकण काढा, हात घाला, कुठवर पोळले आहे ते बघा. वरचे कदाचित अजून गार असेल. माझ्यात आजवर जेवढे भात गेले, त्यातला एक दाणाही कधी रुजला नव्हता. सुपातले ते तांबडे भात पहिले होते.